उठावण्यानंतरचे दिवस

घरातील कर्ता माणूस गेला की पहिले काही दिवस घर माणसांनी भरलेले असते. उठावणा होतो, गुणानुवाद होतो, मंडळी आपापल्या गावी परततात आणि दुकानाचे शटर पुन्हा वर जाते. व्यापारी घराण्यांतील ही रीत शहाणपणाची आहे. काम माणसाला सावरते. मात्र शोकाचा खरा भार त्यानंतरच जाणवू लागतो, आणि तेव्हा विचारपूस करणारे फारसे कोणी उरलेले नसते.

हा भार लहानसहान गोष्टींतून प्रकट होतो. सूर्यास्तापूर्वीच्या जेवणासाठी ताटे मांडताना हात सवयीने एक ताट अधिक काढतो. गादीवर बसलेल्या मुलाची साधी बेरीज चुकते, उधारीची तारीख विसरते, जुन्या ग्राहकाशी अकारण खटका उडतो. झोप मोडते, अन्नावरची वासना जाते. घरचे त्याला आळस किंवा चिडखोरपणा समजतात; वस्तुतः तो शोकच असतो.

अशा वेळी धर्माच्या नावाने हमखास एक उपदेश ऐकू येतो : ‘रडू नका, आर्तध्यान होते, कर्मबंध होतो.’ यात शास्त्राचा आधार आहे. तत्त्वार्थसूत्रात शोक आणि आक्रंदन ही असातावेदनीय कर्माच्या आस्रवाची कारणे सांगितली आहेत. परंतु नऊ नोकषायांत शोकाची गणनाही शास्त्रानेच केली आहे. मोहनीय कर्माचा उदय आहे तोवर संसारी जीवाला शोक होणारच, हे त्यातून स्पष्ट होते. आर्तध्यानाचे मूळ वियोगाच्या विषयात मन सतत घोळत राहण्यात आहे. अश्रू हे त्याचे बाह्य लक्षण होय. लक्षण दाबल्याने मूळ जात नाही. देणे खात्यात दाखवले नाही म्हणून ते फिटत नाही, तसेच हे आहे.

दिवाळीत नव्या वहीवर अनेक घरांत ज्यांचे नाव मोठ्या श्रद्धेने लिहिले जाते, त्या गौतमस्वामींचे उदाहरण येथे मननीय आहे. परंपरेनुसार इ. स. पू. 527 मध्ये पावापुरीस भगवान महावीरांचे निर्वाण झाले. श्वेतांबर परंपरा सांगते की, त्या वेळी गौतमस्वामी प्रतिबोधासाठी दुसरीकडे गेले होते. वार्ता कळताच त्यांनी विलाप केला. त्या विलापातूनच प्रभूंवरील आपला राग, म्हणजे स्नेहबंध, त्यांना उमगला आणि केवलज्ञान प्रकटले. त्यानंतर ते 12 वर्षे विचरले. प्रथम गणधरांनाही शोक ओलांडावा लागला, तर सामान्य गृहस्थाला तो टाळता कसा येईल?

म्हणून अनित्य आणि अशरण भावना स्वतः भावायच्या असतात. दुःखिताला ऐकवायच्या नसतात. सामायिकाच्या 48 मिनिटांत त्या ज्याच्या त्याला आपोआप भेटतात.

व्यवहारातही काही पथ्ये पाळावीत. पहिल्या काही महिन्यांत भागीदारी मोडणे, घर विकणे, हक्कसोडपत्र करणे असे निर्णय टाळावेत. नोंदणीकृत हक्कसोडपत्र पुढे रद्द करून घेणे अत्यंत कठीण असते. बँकेतील ठेवीची रक्कम नामनिर्देशित व्यक्तीच्या हाती येते ती वारसांच्या वतीने. तेवढ्याने मालकी ठरत नाही. शोकाकुल भगिनीपुढे सह्यांसाठी कागद ठेवताना घरातील वडीलधाऱ्यांनी ते तिला वाचून दाखवावेत, विचाराला अवधी द्यावा.

सहा महिने उलटूनही शोकाची तीव्रता ओसरत नसेल आणि नित्याचे व्यवहारच ठप्प झाले असतील, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानुसार तो उपचार करण्याजोगा विकार असू शकतो. जगणे नकोसे वाटू लागले, तर मात्र एक दिवसही थांबू नये. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर निःशुल्क समुपदेशन मिळते. ताप आल्यावर वैद्याकडे जाण्यात जसा कमीपणा नाही, तसा यातही नाही.

समाजाचे कर्तव्य मात्र याहून सोपे आहे. उठावण्याला शंभर माणसे येतात. दुसऱ्या महिन्यात दोघांनी जावे. उपदेश न करता बसावे, गेलेल्या माणसाचे नाव घ्यावे, त्याच्या आठवणी ऐकाव्यात. साधर्मिक वात्सल्य ते हेच.