भात झोडून झाले, आता गाणे ऐकायला चला

भात झोडून झाले, कणगी भरली, पेंढा रचला. वालाला फूल यायला अजून अवकाश आहे. मुरबाड-शहापूरकडच्या शेतकऱ्याला जरा उसंत मिळते ती याच दिवसांत. आपण कल्याणला जातो ते लग्नाचा बस्ता बांधायला, नाही तर दवाखान्यासाठी. आणि संध्याकाळच्या एसटीने परततो. त्याच कल्याणात हिवाळ्यात नामवंत गवई गायला येतात. पण 'ते शिकलेल्यांचे काम' म्हणून आपण तिकडे फिरकत नाही. वाचकहो, यंदा एकदा जाऊन पाहा.

कल्याणचा गायन समाज १९२६ सालचा. देवगंधर्व भास्करबुवा बखले यांच्या नावाने तो दरवर्षी महोत्सव भरवतो. बुवांचे शिष्य मास्तर कृष्णराव, आणि मास्तरांकडे शिकलेले पंडित राम मराठे. या रामभाऊंच्या स्मरणार्थ ठाण्याची महानगरपालिका संगीत महोत्सव भरवते. म्हणजे आजेगुरूंचा उत्सव कल्याणात आणि नातशिष्याचा ठाण्यात. मध्ये लोकलचा जेमतेम अर्धा तास!

प्रभातच्या १९३८ सालच्या 'गोपालकृष्ण' चित्रपटात गाई राखणारा कृष्ण झाला होता तो हाच राम मराठे, तेव्हा चौदाही पुरे नव्हते. चित्रपटांचीच आवड असेल तर पुण्याचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००२ पासून भरतो. तो बहुधा जानेवारीत असतो आणि कल्याणहून पुण्याला थेट गाडी आहे. परदेशी चित्रपटांखाली इंग्रजी अक्षरे येतात. ती वाचता येत नसतील तर मराठी चित्रपटांचा दिवस निवडा.

'आम्हाला राग कुठे कळतात?' असे म्हणू नका. एकादशीला भजनात टाळ धरता ना? मग सम कुठे येते ते तुमच्या हाताला ठाऊकच आहे. गवई सुरुवातीला संथ गातो, तेव्हा कंटाळून उठू नका. अर्धा तास धीर धरा. लय वाढली की मान आपोआप डोलू लागते. शेवटी पुष्कळदा अभंग किंवा भैरवी होते. ती तर आपल्या ओळखीचीच.

आता व्यवहाराचे. तारीख आणि ठिकाण वर्तमानपत्रात पाहा, तिकीट आहे की मोफत प्रवेशिका, हे आधी विचारून घ्या. ठाण्यात गडकरी रंगायतन तलावपाळीला आहे, स्टेशनापासून चालत जाता येते; पण काशीनाथ घाणेकर नाट्यगृह लांब आहे, तिथे रिक्षा लागेल. कार्यक्रम रात्री लांबतो आणि कसाऱ्याकडच्या गाड्या त्या वेळी थोड्या असतात. डोंबिवलीला, कल्याणला भाचा-पुतण्या राहत असेल तर त्याला आधी कळवा आणि मुक्कामच करा. जाताना शेरभर नवे तांदूळ न्या. भाच्याच्या घरीही आनंद होईल. गाणे चालू असता मूल रडले तर त्याला बाहेर न्या, आणि दोन गाण्यांच्या मध्येच परत आत या.

एक गोष्ट मात्र विसरू नका. एकटे जाऊ नका, घरच्या लक्ष्मीला बरोबर न्या. जात्यावर, लग्नाच्या हळदीला आणि बारशाच्या पाळण्याला आजवर तिनेच गाणी म्हटली. पण हातात काही काम नसताना तीन तास स्वस्थ बसून गाणे ऐकायला ती कधी गेली? एका दिवसाची धार शेजारीण काढील. पुढच्या खेपेला तुम्ही तिची काढा. गुरांना वैरण-पाणी करून दुपारच्या एसटीने निघालात, तर संध्याकाळी तंबोरा जुळवताना तुम्ही दोघेही जागेवर बसलेले असाल.