आधी तक्ते की आधी क्लास?

सलमाबादच्या गॅरेजांच्या गल्ल्यांत तुम्ही कधी ना कधी गेलाच असाल. गाडी आत, आपण बाहेर करक चहाचा कागदी कप घेऊन. समजा, तिथल्या एका गॅरेजमालकाने तुम्हाला गळ घातली, "आमच्यासाठी एक सॉफ्टवेअर करून द्या." कोऱ्या कागदावर तुम्ही आधी काय काढाल?

संगणकवाल्यांचं हे जुनं भांडण. एक पंथ आधी डेटाबेसचे तक्ते आखतो: गाडी, मालक, जॉब कार्ड, सुटे भाग, आणि कोणता तक्ता कोणत्या क्रमांकाने कशाला जोडायचा. याचं मूळ आयबीएममधल्या एडगर कॉड यांच्या १९७० सालच्या शोधनिबंधात. दुसरा पंथ आधी क्लास मांडतो. त्याच्या लेखी जॉब कार्ड ही नुसती नोंद नाही. ते उघडतं, मंजुरीसाठी थांबतं, बंद होतं. क्लासची कल्पना १९६०च्या दशकात नॉर्वेत ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड यांनी सिम्युला भाषेत आणली, तीही प्रत्यक्ष घडामोडींची संगणकावर नक्कल करण्यासाठी. म्हणजे एकाचा जन्म साठवणीतून, दुसऱ्याचा हालचालीतून. एवढं लक्षात घेतलं तरी निम्मं भांडण मिटतं.

उरलेल्या निम्म्यासाठी गावाकडे जाऊ. तुमच्यापैकी कित्येकांनी बहारीनमध्ये बसून महाभूलेखवर घरच्या जमिनीचा सातबारा उघडला असेल. त्याची रचना जरा निरखून पाहा. गाव नमुना ७ सांगतो जमीन कुणाची, नमुना १२ सांगतो तीत काय पिकलं. तेच खातेदाराच्या बाजूने पाहायचं तर ८-अ. आणि नावाशेजारचा फेरफार क्रमांक? तो नमुना ६ कडे बोट दाखवतो: हे नाव इथे खरेदीने आलं, वारसाने की वाटपाने. जुन्या हस्तलिखित उताऱ्यावर मयताचं नाव पुसत नसत, त्याला कंस करत. आमच्या धंद्यात याला 'सॉफ्ट डिलीट' म्हणतात आणि तो फार मोठा शोध असल्यासारखं सांगतात!

दौत-टाक गेले, संगणक आला, वेबसाइट आली. नमुने मात्र मुळात तेच राहिले. प्रोग्रॅम बदलतात, माहिती उरते. म्हणून माझा कल आधी तक्ते आखण्याकडे आहे.

पण नुसत्या तक्त्यांवर थांबू नका. फेरफाराची नोंद लगेच पक्की होत नाही. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवस मिळतात, हरकत आली तर सुनावणी होते, मग अधिकारी नोंद प्रमाणित करतो. आता 'स्थिती' नावाचा एक रकाना करून कुणालाही त्यात 'प्रमाणित' लिहू दिलं, तर एखाद्या बहिणीचा हिस्सा तिला न विचारताच उडेल, आणि तक्ता मात्र दिसायला अगदी नीटनेटका राहील. हा क्रम पाळायला लावणं हे क्लासचं काम. प्रत्येक तक्त्यामागे यांत्रिकपणे एक क्लास काढून त्यात नुसते रकाने भरले, तर तो क्लास कसला, ती पिशवी झाली.

तेव्हा गॅरेजसाठी पहिली संध्याकाळ एकाच प्रश्नावर घालवा: कशाची ओळख कशावरून पटवायची? गिऱ्हाइकाचा मोबाइल नंबर सोपा वाटेल, पण आखातात माणूस व्हिसा संपवून घरी गेला की काही काळाने तोच नंबर दुसऱ्याला मिळू शकतो. गाडीसाठी नंबर प्लेटपेक्षा सतरा अक्षरी चासी क्रमांक भरवशाचा. मग दुसऱ्या दिवशी जॉब कार्डाचा क्लास लिहा, आणि 'मंजुरीशिवाय सुटा भाग बसवायचा नाही' हा नियम त्यात घाला.

ही पहिली संध्याकाळ वाचवली, तर काय होतं? दुरुस्तीच्या नोंदी मालकाला जोडल्या जातात. तो गाडी विकून मायदेशी परततो आणि नव्या मालकाला ब्रेक कधी बदलले होते, हे कुणीच सांगू शकत नाही. चासी क्रमांकाला जोडल्या असत्या, तर गाडीचा सगळा इतिहास गाडीबरोबर गेला असता.