कल्याण नाका ते न्यू ऑर्लीन्स, व्हाया हळदोणा

जॅझ म्हणजे अमेरिका, असं आपण बिनदिक्कत धरून चालतो. पण जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्या लाखेच्या असत, आणि जगातली बहुतेक लाख जायची आपल्याकडून. पळस, बोर, कुसुम या झाडांवर राहणारे बारीक किडे ती तयार करतात. १९४२ साली युद्धामुळे लाखेचा तुटवडा पडला, तेव्हा अमेरिकन सरकारनं तबकड्यांसाठीच्या लाखेत ७० टक्के कपात करून टाकली. लुई आर्मस्ट्राँगपासून ड्यूक एलिंग्टनपर्यंत सगळ्यांचा आवाज आपल्या रानातल्या किड्यांच्या भरवशावर होता म्हणायचा!

तेव्हा भिवंडीत बसून जॅझ शोधायला काहीच हरकत नाही. वेळेची तर ददातच नाही. संध्याकाळी कल्याण नाक्यावरून अंजूरफाट्याकडे निघा, कोंडीत अख्खा एलपी दोन्ही बाजूंनी ऐकून होतो. प्रश्न एवढाच, की ऐकायचं काय? उत्तर सोपं आहे. ओळखीच्या माणसाचं बोट धरायचं आणि तो नेईल तिकडे जायचं.

भगवानदादांच्या मागे कोण वाजवतंय?

‘शोला जो भडके’वर वरातीत पाय न हललेला माणूस अजून जन्मायचा आहे. ‘अलबेला’ १९५१ चा. भगवानदादा पालव गिरणी कामगाराचा मुलगा, संगीतकार सी. रामचंद्र म्हणजे नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. आणि रामचंद्रांचे सहायक होते चिक चॉकलेट! खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ, गाव गोव्यातलं हळदोणा, वाद्य ट्रम्पेट. रात्री हॉटेलात जॅझ, दिवसा स्टुडिओत सिनेमा. लोक त्यांना भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. ‘अलबेला’च्या पडद्यावर त्यांचा बँडसुद्धा दिसतो, पण आपले डोळे भगवानदादांच्या पायांवरून हटतील तर ना.

पुढच्या वेळी हे गाणं लागलं की गाणारे बाजूला ठेवा आणि मागचं ऐका. तिथे स्विंग सापडेल. स्विंग म्हणजे काय, हे भिवंडीकराला समजवायला सोपं. आपल्या लूमचा ठोका सरळ पडतो, खट-खट, दोन्ही सारखे. जॅझचा ड्रमर एका मात्रेचे दोन तुकडे करतो, पण पहिला लांब आणि दुसरा आखूड. एवढ्याशा फरकानं पाय आपोआप हलायला लागतो. लूम असा चालायला लागला तर मात्र फिटरला बोलवा.

ताजमधली तबकडी

१९३५ साली लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमध्ये आला. पाठोपाठ बँडची सूत्रं क्रिकेट स्मिथ या ट्रम्पेटवाल्याकडे गेली. नाव खरंच क्रिकेट. त्यानं १९३६ साली इथेच ‘ताज महाल’ नावाची फॉक्सट्रॉट, म्हणजे जोडीनं नाचायची धून, रेकॉर्ड केली. धून रचणारे मेना सायलस मुंबईचे बगदादी ज्यू. या तबकडीवरूनच नरेश फर्नांडिस यांच्या मुंबईच्या जॅझवरच्या पुस्तकाला ‘ताज महाल फॉक्सट्रॉट’ हे नाव मिळालं. गंमत अशी, की हा स्मिथ १९१३-१४ मध्ये न्यूयॉर्कला जेम्स रीज युरोप नावाच्या माणसाच्या बँडबरोबर तबकड्या काढून बसला होता, जॅझ हे नाव रुळायच्याही आधी.

त्याच काळातला पियानोवादक टेडी वेदरफोर्ड शिकागोत आर्मस्ट्राँगबरोबर वाजवलेला माणूस. तोही ताजमध्ये वाजवून गेला आणि १९४५ साली कलकत्त्यात पटकीनं वारला.

माय, लेक आणि पाण्याची बादली

माझं ऐकाल तर सगळ्यात आधी या माय-लेकांची रेकॉर्ड लावा.

बेळगावच्या भानुमती शिरोडकर लग्नानंतर शोभा गुर्टू झाल्या. त्यांची ठुमरी आणि दादरा कुणाला सांगायला नको. त्यांचा मुलगा त्रिलोक १९५१ साली मुंबईत जन्मला, तबल्यावर तयार झाला आणि जॅझच्या नादानं युरोपात जाऊन राहिला. तिकडे नाव झाल्यावर १९८८ मध्ये स्वतःचा पहिला एलपी काढला, ‘उस्फ्रेट’. मग गायला कुणाला बोलवायचं? पोरानं सरळ आईला बसवलं! पहिल्याच तुकड्याचं नाव आहे ‘शोभारॉक’. सोबतीला डॉन चेरी, राल्फ टाउनर, व्हायोलिनवर एल. शंकर. आईनं तिकडचा बाज उचललेला नाही. ती आपल्याच घरची बोलतान घेते आणि बाकीची मंडळी तिच्याभोवती जागा करून घेतात. जॅझ आणि शास्त्रीय संगीताच्या नावाखाली बरंच काही खपतं, त्यात निम्म्या वेळा दोघं एकमेकांना नमस्कार करण्यातच तुकडा संपतो. इथे तसं नाही.

त्रिलोक वाजवताना बघायला मिळाला तर आणखी मजा. ड्रम्स समोर असतात, पण हा स्टुलावर बसत नाही, गुडघा टेकून जवळजवळ जमिनीवरच असतो. बाजूला पाण्यानं भरलेली बादली. घंटा वाजवायची आणि वाजत असतानाच पाण्यात बुडवायची, की तिचा सूर खाली घसरत जातो. घरी तांब्या आणि बादली घेऊन करून बघा. शेजाऱ्यांना आधी कल्पना द्या.

मुंबईची आशा, पण भोसले नव्हे

आशा पुथली मुंबईची. शास्त्रीय गाणं शिकली, ऑपेराही शिकली आणि जॅझच्या मागे लागून अमेरिकेला गेली. लेखक वेद मेहतांनी तिच्याबद्दल लिहिलेलं जॉन हॅमंड यांच्या वाचनात आलं. हॅमंड म्हणजे बिली हॉलिडे आणि बॉब डिलनला पुढे आणणारा माणूस. तिथून ती पोचली ऑर्नेट कोलमनकडे. सुरांची सगळी कुंपणं मोडणारा हा सॅक्सोफोनवाला, भल्याभल्यांच्या डोक्यावरून जायचा. त्याच्या १९७२ च्या ‘सायन्स फिक्शन’ या एलपीत दोन गाणी आशाची आहेत. पहिल्यांदा ऐकाल तेव्हा वाटेल सगळे वेगवेगळं वाजवताहेत आणि ही एकटी शांतपणे गातेय. दुसऱ्यांदाही तसंच वाटेल. तिसऱ्यांदा गोडी लागते.

पुढे तिनं डिस्कोही गायलं. १९७६ चं तिचं ‘स्पेस टॉक’ नोटोरियस बी.आय.जी.नं १९९७ साली आपल्या रॅपमध्ये उचललं. म्हणजे पोरं ऐकतात ती धूनही आपल्याच बाईची.

महाराणीनं घेऊन दिलेली गिटार

अमान्सिओ डिसिल्व्हा, गोव्याचं कुटुंब, जन्म मुंबईत १९३६. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवींना त्याचं वाजवणं इतकं आवडलं, की त्यांनी त्याला गिब्सन गिटार घेऊन दिली. तो लंडनला गेला आणि १९६९ मध्ये जो हॅरियट या जमैकन सॅक्सोफोनवादकाबरोबर एलपी काढला. नाव ‘हम दोनो’. ब्रिटिश जॅझच्या एलपीवर हे नाव बघून देव आनंदलाही हसू आलं असतं. त्यात ‘बॅलड फॉर गोवा’ नावाची एक संथ धून आहे, ती रात्री ऐका. ‘जयपूर’ही आहे, महाराणीचं ऋण फेडायला असावं.

अकरा राग, एक ड्रमसेट

सवाई गंधर्व महोत्सवाच्या रांगेत उभं राहणाऱ्यांसाठी सोपा दरवाजा: शंकर-जयकिशन यांचा १९६८ चा ‘रागा जॅझ स्टाइल’. तोडी, भैरव, मालकंस असे अकरा राग, सतारीवर रईस खाँ, सोबत ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि ड्रम्स. शुद्धतावाद्यांनी कानांवर हात ठेवावेत. मला शिवरंजनी झकास वाटतो, भैरवी उरकल्यासारखी.

सटरफटर, पण खरं

जॉन कोल्ट्रेननं पंडित रविशंकरांवरून मुलाचं नाव रवी ठेवलं. रवी कोल्ट्रेनही सॅक्सोफोनवादकच निघाला.

रूडी कॉटन हा सॅक्सोफोनवाला नावावरून शिकागोचा वाटतो. होता पारशी, कावसजी खटाव.

डेव्ह ब्रुबेक १९५८ मध्ये मुंबईत आला, तेव्हा सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर बसून वाजवून गेला.

मुंबईची पहिली जॅझ यात्रा १९७८ ची, धोबी तलावाच्या रंगभवनात, उघड्या आभाळाखाली. सॉनी रॉलिन्सनं तिथे वाजवलं.

कोकणी कळत असेल तर ख्रिस पेरी आणि लॉर्ना यांची गाणी चुकवू नका. तिथे ब्रास बँड आणि बाईचा आवाज यांची नुसती जुगलबंदी असते.

१९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या बसल्या आणि कापडाचं बरंचसं काम आपल्या भिवंडीच्या यंत्रमागांकडे आलं. रिकाम्या झालेल्या गिरण्यांचं काय झालं? लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात २००७ साली ‘ब्लू फ्रॉग’ हा संगीताचा क्लब उघडला. माग इकडे आले, जॅझ तिकडे गेलं. २०१६ मध्ये क्लबही बंद झाला.

हिंदी सिनेमानं या वादकांची नावं श्रेयनामावलीत क्वचितच दिली. जी काही नावं उरली आहेत ती एलपीच्या कव्हरच्या मागच्या बाजूला, बारीक टायपात. तेव्हा माळ्यावर एखादी जुनी तबकडी असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी कव्हर उलटून बघा. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ड्रम्स यांच्यासमोर जे नाव असेल ते मोबाइलमध्ये टाका आणि लावा.