साखर नदीत गेली तर मासे का मरतात?

आजचा विषय जरा वासाचा आहे, पण ऐका.

साखर कारखान्याचं सांडपाणी नदीत गेलं आणि मासे मेले, अशी बातमी आपण सगळ्यांनी वाचलेली असते. आता साखर म्हणजे काही विष नाही. मग होतं काय? नदीतले बॅक्टेरिया त्या साखरेवर तुटून पडतात आणि खाता खाता पाण्यातला ऑक्सिजन संपवतात. मासे गुदमरतात. कारखान्याचा ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्लँट, हीच पंगत नदीऐवजी टाकीत बसवतो. हवा पुरवायला ब्लोअर असतो.

ही युक्ती १९१४ची, मँचेस्टरची. आर्डर्न आणि लॉकेट यांनी सांडपाण्यात हवा सोडत ठेवली. पहिल्यांदा पाणी पूर्ण शुद्ध व्हायला काही आठवडे लागले. पण खाली बसलेला गाळ त्यांनी फेकला नाही, त्यातच नवीन सांडपाणी ओतलं. असं करत करत काम एका दिवसावर आलं. कारण तो गाळच जिवंत होता!

या गाळात बॅक्टेरिया गोळ्या करून राहतात, म्हणून ते खाली बसतात. जे सुटे पोहत असतात त्यांना व्होर्टिसेलासारखे देठवाले सूक्ष्मजीव गिळतात, म्हणून वरचं पाणी नितळ दिसतं. धाग्यांसारखे बॅक्टेरियाही असतात. थोडे असले तर गोळीला आधार, पण माजले तर गाळ फुगतो आणि खाली बसतच नाही. त्यासाठी प्लँटवर रोज एक लिटरचं नळकांडं भरून अर्धा तास ठेवतात आणि गाळ किती बसला ते बघतात. एवढं साधं मॉनिटरिंग, डॅशबोर्ड वगैरे काही नाही. मला तर हेवा वाटला.

आणखी एक गंमत. साखरेच्या पाण्यात नुसतं गोडच असतं, नायट्रोजन-फॉस्फरस जवळजवळ नाही. म्हणून ऑपरेटर टाकीत चक्क युरिया आणि डीएपी टाकतात. पिकाला देतो तेच खत! शिवाय हे पाणी लवकर आंबतं, मग चुना घालून आम्लता मारावी लागते.

खरी अडचण हंगामाची. उन्हाळ्यात गाळप थांबलं की जेवण बंद, आणि टाकीतली वस्ती उपाशी मरते. मी क्लाउडवर सर्व्हर कमी पडले तर दोन क्लिकमध्ये वाढवतो. इथे तसं नाही. शेण किंवा दुसऱ्या चालू प्लँटमधला गाळ आणून टाकायचा, थोडं थोडं खायला द्यायचं, हळूहळू वाढवायचं. यात आठवडे जातात. बॉयलर पेटल्यावर ही तयारी सुरू केली, तर पहिल्या दिवसांचं पाणी खाणार कोण? नदीच.

त्यामुळे तुमच्या भागात कारखाना असेल तर गाळप सुरू व्हायच्या आधी एवढंच विचारा: ईटीपीत कल्चर कधी टाकलं?