विश्लेषण : गाडीचा इंडिकेटर अचानक दुप्पट वेगाने का लुकलुकतो? बल्ब घरच्या घरी बदलता येतो का?

खंडाळ्याच्या घाटात पुढे रेंगाळणारा ट्रक ओलांडण्यासाठी चालक उजवा इंडिकेटर देतो आणि डॅशबोर्डवरची नेहमीची संथ 'टिक... टिक...' एकदम 'टिकटिकटिक' अशी धावू लागते. बहुतेक जण दोन सेकंद तिकडे बघतात, 'काहीतरी झाले असेल' म्हणून सोडून देतात आणि लेन बदलतात. डॅशबोर्डवर बाण पेटतो आहे, आवाज येतो आहे, म्हणजे इंडिकेटर चालू आहे असा त्यांचा समज असतो. प्रत्यक्षात मागून येणाऱ्या टेम्पोवाल्याला काहीच दिसलेले नसते, कारण मागचा बल्ब गेलेला असतो.

गाडीतील बहुतेक बिघाड चालकाला स्वतःला जाणवतात. ब्रेक कमी लागतो, स्टिअरिंग ओढते, इंजिन आवाज करते. मागचा इंडिकेटर मात्र चालकाला कधीच दिसत नाही, तो फक्त इतरांसाठी असतो. म्हणूनच वाढलेला वेग हा गाडीने दिलेला निरोप समजायला हवा. दुरुस्तीचा खर्च बहुतेक वेळा शंभर रुपयांच्या आत आणि वेळ पंधरा-वीस मिनिटे. अडचण होते ती चुकीचा बल्ब बसवला जातो तेव्हा.

वेग का वाढतो?

साध्या बल्बच्या गाडीत एका बाजूला साधारणपणे तीन बल्ब असतात. पुढे २१ वॅटचा, मागे २१ वॅटचा आणि पुढच्या मडगार्डवर किंवा आरशात ५ वॅटचा छोटा. एकूण ४७ वॅट. १२ व्होल्टच्या हिशेबाने सुमारे ३.९ अँपिअर करंट वाहतो. यातला २१ वॅटचा एक बल्ब उडाला की उरतात २६ वॅट आणि करंट येतो २.२ अँपिअरवर. इंडिकेटर चालू-बंद करणारा फ्लॅशर हा करंट सतत मोजत असतो. तो अपेक्षेपेक्षा कमी भरला की फ्लॅशर मुद्दाम वेग दुप्पट करतो. नव्या गाड्यांत हेच काम संगणकीय कंट्रोल मॉड्युल करते.

या हिशेबातून आणखी एक गोष्ट कळते. बाजूचा ५ वॅटचा छोटा बल्ब गेला तर करंटमध्ये फारसा फरक पडत नाही, त्यामुळे वेगही बहुधा बदलत नाही. म्हणजे टिकटिक नेहमीसारखी आहे म्हणून सगळे बल्ब ठीक आहेत, असे गृहीत धरता येत नाही.

('टिक' हा आवाज मुळात फ्लॅशरच्या आतली पट्टी तापून वाकण्याचा, नंतर रिलेचा. आजच्या अनेक गाड्यांत तो चक्क स्पीकरमधून वाजवला जातो. सवयीचा आवाज नसेल तर इंडिकेटर बंद करायचे लक्षात राहत नाही!)

वेगाला कायद्याचीही मर्यादा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०२ नुसार इंडिकेटरचा प्रकाश अंबर, म्हणजे नारिंगी-पिवळा हवा आणि त्याने मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकायला हवे. मोबाइलवर १५ सेकंदांचा टायमर लावून लुकलुकणे मोजा आणि चारने गुणा. आकडा १२० च्या वर गेला तर कुठेतरी बल्ब गेला आहे, असे समजायला हरकत नाही.

कोणता बल्ब गेला, हे कसे ओळखायचे?

गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक लावा, चारही इंडिकेटर एकदम सुरू करा (ज्याला अनेक जण 'पार्किंग लाइट' म्हणतात) आणि गाडीभोवती एक फेरी मारा. दुसरे माणूस लागत नाही. घाई असेल तर मोबाइलवर व्हिडिओ सुरू करून तो बंपरमागे भिंतीला टेकवून ठेवा, मग एकेक इंडिकेटर देऊन व्हिडिओ बघा. दिवसा उन्हात मंद पेटणारा बल्ब लक्षात येत नाही. ही तपासणी संध्याकाळी केलेली बरी.

एका बाजूचे सगळेच दिवे बंद असतील किंवा दोन्ही बाजू मेल्या असतील तर तो एका बल्बचा दोष नाही. फ्युज, फ्लॅशर किंवा स्टिअरिंगजवळची दांडी यांपैकी काहीतरी गेले आहे. फ्युजची जागा मॅन्युअलमध्ये दिलेली असते. तो तपासण्यापलीकडचे काम इलेक्ट्रिशियनवर सोडावे.

दुकानात नेमके काय मागायचे?

खरा घोळ इथे होतो. 'इंडिकेटरचा बल्ब द्या' म्हटले की दुकानदार डब्यातून एक बल्ब काढून देतो, पण डब्यातले सगळे बल्ब दिसायला भावासारखे असतात.

आधी स्वतःच्या गाडीच्या दिव्याची काच बघा. काच नारिंगी असेल तर आतला बल्ब साधा, पारदर्शक असतो. त्याचे नाव पी२१डब्ल्यू. काच पांढरी-पारदर्शक असेल तर रंग बल्बलाच असावा लागतो. तो पीवाय२१डब्ल्यू. दोघांचे व्होल्ट आणि वॅट सारखेच, पण पितळी टोपीच्या कडेला असलेल्या दोन छोट्या पिना वेगळ्या. पी२१डब्ल्यूच्या पिना एकमेकींच्या बरोबर समोर, १८० अंशांवर असतात. पीवाय२१डब्ल्यूच्या पिना १५० अंशांवर, थोड्या एका बाजूला सरकलेल्या. हा फरक जाणूनबुजून ठेवला आहे. पारदर्शक काचेमागे चुकून पांढरा बल्ब बसूच नये, यासाठी.

तरीही काही ठिकाणी एक पिन कानशीने घासून बल्ब बसवून दिला जातो. तो पेटतो, वेगही पूर्ववत होतो आणि ग्राहक खूश होऊन जातो. पण मागून येणाऱ्याला आता पांढरा दिवा लुकलुकताना दिसतो. रात्री तो रिव्हर्सचा दिवा वाटू शकतो. शिवाय एकाच पिनवर तोललेला बल्ब रस्त्याच्या धक्क्यांनी सैल होतो. पिन घासण्याची वेळ आली म्हणजे बल्ब चुकीचा आहे, हे निश्चित.

रंगाचा आणखी एक प्रकार असतो. पीवाय२१डब्ल्यूवरचा नारिंगी थर उष्णतेने हळूहळू उडतो. बल्ब पेटत असतो, पण प्रकाश फिकट होत पांढरा पडतो. असा बल्ब जळण्याची वाट न बघता बदलायला हवा.

आणखी दोन जुळे भाऊ फसवतात. पहिला पी२१/५डब्ल्यू. हा टेललाइट आणि ब्रेकसाठीचा दोन तारांचा बल्ब. त्याच्या बुडाला एकाऐवजी दोन ठिपके असतात आणि पिना वरखाली असतात. दुसरा ट्रकचा २४ व्होल्टचा बल्ब. आकार, टोपी, पिना सगळे तेच, फक्त टोपीवर बारीक अक्षरात २४ व्ही लिहिलेले. तो गाडीत बसतो, पण मिणमिणता पेटतो, करंट कमी घेतो आणि टिकटिक वेगातच राहते. मग माणूस फ्लॅशर बदलायला धावतो.

काही गाड्यांत टोपीच नसलेला, सपाट काचेच्या बुडाचा बल्ब असतो. तो डब्ल्यूवाय२१डब्ल्यू. बाजूचा छोटा बहुधा डब्ल्यूवाय५डब्ल्यू. हे सगळे लक्षात ठेवण्यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे मॅन्युअलमधल्या बल्बच्या तक्त्याचा फोटो काढणे आणि जुना बल्ब खिशात घालून दुकानात जाणे. घेताना दोन घ्या. दोन्ही बाजूंचे बल्ब सारख्याच वयाचे असतील तर दुसऱ्यालाही फार दिवस उरलेले नसतात.

बल्ब बदलायचा कसा?

चावी बंद, इंडिकेटरची दांडी मध्यावर. दिवे नुकतेच चालू होते तर दहा मिनिटे थांबा, कारण २१ वॅटचा छोटा बल्ब बोट भाजण्याइतका तापतो.

मागचे काम सोपे असते. मारुतीच्या स्विफ्ट, वॅगनआरसारख्या हॅचबॅकमध्ये डिकीचे दार उघडले की टेललॅम्पच्या आतल्या कडेला दोन स्क्रू दिसतात. ते काढून अख्खा लॅम्प मागच्या दिशेने सरळ ओढायचा. बाहेरची कडा प्लास्टिकच्या खुंट्यांनी अडकलेली असते, त्यामुळे पहिल्यांदा 'आता तुटणार' असे वाटते. तिरका न ओढता दोन्ही हातांनी सरळ ओढला तर खुंट्या सुटतात. स्क्रू ड्रायव्हरने बॉडीकडून उचकटू नका, रंग जातो. लॅम्प वायरवर लोंबकळतही ठेवू नका. सेडानमध्ये बहुतेकदा डिकीच्या आतले अस्तर बाजूला करून मागून हात घालावा लागतो.

होल्डर घड्याळाच्या उलट दिशेला थोडा फिरवला की बाहेर येतो. त्यातला टोपीवाला बल्ब आधी हलकेच आत दाबायचा, मग त्याच दिशेला फिरवायचा आणि सोडायचा. दाबल्याशिवाय फिरवला तर काच टोपीतून निसटून हातात येते. तशी आलीच तर टोपी पक्कडीने धरून फिरवा, हातात जाड कापड घ्या. सपाट बुडाचा बल्ब फिरवायचा नाही, सरळ ओढायचा.

जुना बल्ब मोबाइलच्या टॉर्चसमोर धरून बघा. आतली बारीक तार तुटलेली किंवा काच आतून काळपट-चंदेरी झालेली दिसेल. टंगस्टनची ती तार दर लुकलुकण्याला तापते आणि थंड होते, हळूहळू झिजते, आणि एखाद्या खड्ड्याचा धक्का शेवटचा ठरतो.

नवा बल्ब स्वच्छ कापडाने धरून बसवा. बोटांच्या तेलाने हॅलोजन हेडलाइटचे जसे नुकसान होते तसे इथे होत नाही, पण सवय चांगली. लॅम्प परत लावण्यापूर्वी इंडिकेटर चालू करून बघा. हे न करता स्क्रू आवळणारे पुन्हा ते स्क्रू काढतात!

पुढचा बल्ब मात्र गाडीगणिक वेगळा. काहींत बॉनेट उघडून हेडलाइटमागे हात घातला की होल्डर सापडतो. काहींत बॅटरी किंवा एअर फिल्टरचा डबा आडवा येतो. काहींत चाकाच्या वरचे प्लास्टिकचे अस्तर उघडावे लागते किंवा बंपर सैल करावा लागतो. मॅन्युअलमध्ये बंपरचा उल्लेख दिसला तर गॅरेज गाठणे शहाणपणाचे.

नवा बल्ब लावूनही पेटत नसेल तर?

होल्डरच्या आत बघा. किनारपट्टीच्या दमट हवेत पितळेवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड जमते. बारीक पॉलिश पेपरने ती घासून काढली आणि दबलेली पट्टी किंचित वर उचलली की अनेकदा दिवा लागतो. लॅम्पच्या आत पाण्याचे थेंब असतील तर कडेचे रबर गेले आहे. ते बदलले नाही तर नवा बल्बही लवकर जाईल.

इंडिकेटर देताना शेजारचा टेललाइट मंद लुकलुकत असेल किंवा ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मिणमिणत असेल तर अर्थिंग खराब आहे. करंट परतीची वाट दुसऱ्या बल्बमधून शोधतो आहे. होल्डरचे प्लास्टिक वितळलेले दिसले तर मात्र हात आखडता घ्या. अशा वेळी होल्डरच बदलायला हवा.

त्याऐवजी एलईडी बल्ब लावला तर?

ऑनलाइन खरेदीत हा मोह हमखास होतो. पण साध्या बल्बसाठी बनवलेल्या गाडीत एलईडी बसवला की तो मोजकेच वॅट घेतो आणि फ्लॅशरला वाटते, बल्ब गेला. टिकटिक पुन्हा दुप्पट. यावर 'लोड रेझिस्टर' विकला जातो. ६ ओहमचा रेझिस्टर १२ व्होल्टवर २४ वॅट निव्वळ उष्णतेत उडवतो आणि इंजिन चालू असताना त्याहून जास्त. म्हणजे वाचवलेली वीज परत जाळायची, तीही प्लास्टिकच्या बंपरमागे किंवा डिकीच्या अस्तराजवळ. तो पत्र्याला नीट न आवळता वायरवर लोंबता ठेवला तर आसपासचे प्लास्टिक वितळू शकते.

त्याहून मोठा तोटा म्हणजे वेग पूर्ववत करण्यासाठी रेझिस्टर लावला की करंट नेहमीच पुरेसा दिसतो. उद्या तो एलईडी खरोखर बंद पडला तरी टिकटिक बदलणार नाही. चालकाला मिळणारा एकमेव इशाराही गेला. शिवाय दिव्याची चकचकीत वाटी तारेच्या प्रकाशासाठी घडवलेली असते. एलईडीचे ठिपके वेगळ्या जागी असल्याने समोरून झगमगाट आणि तिरक्या कोनातून अंधार, असे होऊ शकते.

कंपनीनेच एलईडी इंडिकेटर दिलेल्या गाड्यांचा विषय वेगळा. त्यांत बहुधा सुटा बल्बच नसतो, पूर्ण लॅम्प बदलावा लागतो. वॉरंटी असेल तर सर्व्हिस सेंटरच योग्य.

आज दुकान बंद असेल तर?

बदली म्हणून चारही इंडिकेटर लावून गाडी चालवू नका. चांगले दिवे एकदम लुकलुकले की कोणत्या बाजूला वळायचे आहे, हेच कळत नाही. महामार्गावर तर उजव्या इंडिकेटरचे आधीच दोन अर्थ आहेत. ट्रकवाला तो देतो तेव्हा कधी त्याला वळायचे असते, तर कधी 'मोकळे आहे, पुढे जा' असे सांगायचे असते.

लर्निंग लायसन्सच्या वेळी पाठ केलेल्या हाताच्या खुणा इथे कामाला येतात. उजवीकडे वळताना उजवा हात खिडकीबाहेर आडवा, तळवा पुढे. डावीकडे वळताना तोच हात बाहेर काढून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचा. अंधार पडल्यावर किंवा घाटातल्या धुक्यात हात कुणाला दिसत नाही. त्यामुळे दिवसा, शहरातल्या शहरात, दुकान उघडेपर्यंतचीच ही सोय आहे.