मयताचा हिशेब: ऐकीव काय, खरं काय

राजापूर तालुक्यातल्या नाटे गावात एखाद्या वाडीत मयत झालं की पहिला फोन मुंबईला जातो. चाकरमानी मुलगा मिळेल ती गाडी धरतो आणि तो पोचेपर्यंत वाडीतली माणसं कामं वाटून घेतात. कुणी लाकडं फोडतं, कुणी तिरडीसाठी बांबू तोडतं, कुणी राजापूरहून सामान आणतं. साखरीनाट्याच्या मोहल्ल्यात जमात अशीच धावून येते. कबर खोदायला माणसं शोधावी लागत नाहीत. गडापासून बंदरापर्यंतच्या या गावात प्रेताला खांदा मिळण्याची चिंता कुणाला पडत नाही, हे मोठं धन आहे.

अडचण होते ती त्या गडबडीत कानावर पडणाऱ्या सल्ल्यांची. "हे करावंच लागतं", "ते चालत नाही", "सरकार तसं करू देत नाही." घरातलं माणूस गेलेलं असताना कोण खरं-खोटं करत बसणार? मग नको तिथे पैसा जातो आणि हवा तो कागद राहून जातो. कायदा मागतो ते फार थोडं; बाकीचं सारं रीत, हौस आणि भीती यांतून आलेलं असतं. ही वाटणी आधीच माहीत असेल तर घरावरचं ओझं निम्मं उतरतं.

गैरसमज: माणूस नाट्याचा, म्हणून मृत्यूची नोंदही नाटे ग्रामपंचायतीतच होते.

वस्तुस्थिती: जन्म-मृत्यू नोंदणी कायदा 1969 चा आहे. त्याप्रमाणे नोंद होते ती मृत्यू जिथे घडला तिथे. मूळ गाव कुठलं, अग्नी कुठे दिला, याचा त्याच्याशी संबंध नाही. मुंबईच्या रुग्णालयात गेलेल्या चाकरमान्याचं दहन नाट्यात झालं, तरी त्याची नोंद मुंबई महापालिकेतच असते. ती कळवण्याची जबाबदारी रुग्णालयाची. मृत्यू घरी झाला असेल तर घरच्या कर्त्या माणसानं ग्रामपंचायतीत कळवायचं. कोकणात वारंवार घडणारा तिसरा प्रसंगही कायद्यानं धरला आहे: रुग्णाला रत्नागिरीला किंवा कोल्हापूरला नेताना वाटेत गाडीतच प्राण गेला, तर गाडी पहिल्यांदा जिथे थांबते तिथे नोंद करायची.

मुदत 21 दिवसांची. तेवढ्यात कळवलं तर नोंदणीला शुल्क नाही आणि पहिला दाखलाही विनामूल्य मिळतो. 30 दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून काम होतं. त्यापुढे वर्षभरापर्यंत जिल्हा निबंधकाची परवानगी लागते आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश. तेरावं होईपर्यंत कागदपत्रांना हात लावायचा नाही असं कुणी ठरवलं, तरी कायद्याच्या मुदतीतले आठ दिवस उरतात. ते निसटले की फेऱ्या सुरू होतात.

गैरसमज: स्मशानाची पावती किंवा जमातीच्या वहीतली नोंद म्हणजेच मृत्यूचा दाखला.

वस्तुस्थिती: नाही. या नोंदी पुरावा म्हणून कामी येतात, पण बँक, विमा, पेन्शन आणि सातबाऱ्यावरची वारस नोंद यांसाठी निबंधकानं दिलेला दाखलाच चालतो. घरी मृत्यू झाला असेल तर शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र घ्यावं.

गैरसमज: अंत्यसंस्कारावरही जीएसटी लागतो.

वस्तुस्थिती: 2022 च्या जुलैत हा संदेश मोबाइलवरून घरोघरी पोचला होता. प्रत्यक्षात 2017 च्या वस्तू व सेवा कर कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत अंत्यसंस्कार, दफन, दहन, शवागार आणि मृतदेहाची वाहतूक या सेवा कराच्या कक्षेबाहेर ठेवल्या आहेत. तेव्हा चर्चेत आलेला 18 टक्के कर स्मशानभूमी बांधण्याच्या कंत्राटावरचा होता. शववाहिकेच्या बिलात जीएसटी लावलेला दिसला तर जरूर विचारावं.

मुंबई-नाटे शववाहिका हा अनेक घरांच्या हिशेबातला मोठा आकडा असतो. गावच्या मातीची ओढ खरी आहे, तिला किंमत लावता येत नाही. पण मृतदेह गावी न्यायलाच हवा असा नियम कुठेही नाही. मुंबई महापालिकेच्या स्मशानभूमीत लाकूड विनामूल्य मिळतं. काही घरं मुंबईत अग्नी देऊन अस्थी तेवढ्या गावी आणतात.

गैरसमज: बिल भरल्याशिवाय रुग्णालय मृतदेह देत नाही, आणि रात्री शवविच्छेदन होतच नाही.

वस्तुस्थिती: राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्ण हक्क सनदेनुसार बिलाच्या वादावरून मृतदेह अडवून ठेवता येत नाही. थकलेलं बिल वसूल करायचे कायदेशीर मार्ग वेगळे आहेत. शवविच्छेदनाबाबत केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं नोव्हेंबर 2021 मध्ये नियम बदलले. पुरेशी सोय असलेल्या रुग्णालयात आता सूर्यास्तानंतरही ते करता येतं. खून, आत्महत्या, बलात्कार अशा संशयाची प्रकरणं त्यातून वगळली आहेत. म्हातारपणानं किंवा आजारानं घरी आलेल्या मृत्यूला शवविच्छेदन लागत नाही. बुडून, अपघातात, विजेच्या धक्क्यानं किंवा सर्पदंशानं मृत्यू झाला तर मात्र पोलिसांना कळवणं टाळू नये. पुढे विम्याचा दावा त्याच कागदांवर उभा राहतो.

गैरसमज: समुद्रात बेपत्ता झालेला माणूस सात वर्षांनी आपोआप मृत ठरतो.

वस्तुस्थिती: बंदरावरच्या घरांना हा प्रश्न पुस्तकातला वाटत नाही. सात वर्षं जवळच्या माणसांना ज्याची काहीच खबर नाही, तो मृत असल्याचं गृहीत धरण्याची तरतूद पुरावा कायद्यात आहे. पण ते आपोआप होत नाही, त्यासाठी न्यायालयाकडून तसं ठरवून घ्यावं लागतं. त्याचा पहिला आधार म्हणजे होडी परतली नाही त्याच दिवशी नाटे सागरी पोलीस ठाण्यात दिलेली खबर. दुःखात आणि आशेत ती द्यायची राहून गेली, तर पुढचं सगळं अवघड होतं.

गैरसमज: बाईनं स्मशानात जायचं नाही, मुलगा नसेल तर अग्नी भाऊबंदानंच द्यायचा.

वस्तुस्थिती: कुठल्याही कायद्यात असं नाही. 1890 साली पुण्यात जोतीराव फुले गेले, तेव्हा अंत्ययात्रेत टिटवं धरून सावित्रीबाई पुढे चालल्या. त्याला सव्वाशेहून अधिक वर्षं झाली. आज मुली आणि सुना अग्नी देतात. प्रेतासमोर विधवेच्या बांगड्या फोडण्याची, कुंकू पुसण्याची रीतही बंधनकारक नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे 2022 मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं.

गैरसमज: गावकीची वर्गणी थकली असेल तर मयताला कुणी न येणं हा गावाचा अधिकार आहे.

वस्तुस्थिती: वर्गणीचा वाद बैठकीत सोडवता येतो. पण वाळीत टाकून एखाद्या घराला अंत्यविधी करू न देणं हा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. महाराष्ट्राचा हा 2016 चा कायदा 2017 पासून लागू आहे आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. जातीच्या कारणानं सार्वजनिक स्मशानभूमी नाकारणं तर 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यापासूनच गुन्हा ठरलं आहे.

गैरसमज: दिवसकार्याला गावजेवण घातलंच पाहिजे, त्यासाठी कर्ज काढावं लागलं तरी चालेल.

वस्तुस्थिती: दहावं, बारावं, तेरावं किती मोठं करायचं हे घरानं ठरवायचं असतं. रत्नागिरीत तेरा वर्षं स्थानबद्ध राहिलेले विनायक दामोदर सावरकर 1966 मध्ये गेले. देह विद्युतदाहिनीत द्यावा, आपल्यासाठी व्यवहार बंद ठेवू नयेत, पिंडदान करू नये, असं त्यांनी इच्छापत्रात आधीच लिहून ठेवलं होतं. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी विधी जरूर करावेत; विधी आणि पंगत या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एवढंच. आपली इच्छा मात्र मृत्युपत्राखेरीज वेगळ्या कागदावरही लिहावी, कारण मृत्युपत्र बहुधा दिवस झाल्यावरच उघडलं जातं. नेत्रदानाला हाती वेळ असतो जेमतेम सहा तासांचा.

गैरसमज: मयताचा खर्च मुलानं पदरचाच करायचा, मदत कुठेच मिळत नाही.

वस्तुस्थिती: 1925 च्या भारतीय वारसा कायद्यानुसार मृताच्या मालमत्तेची व्यवस्था पाहणाऱ्यानं इतर देण्यांच्या आधी अंत्यसंस्काराचा वाजवी खर्च भागवायचा असतो. सावकाराचं देणं मागे, सरणाचा खर्च पुढे. म्हणून लाकूड, शववाहिका, भटजी, सगळ्याचा हिशेब लिहून ठेवावा. भावाभावांत पुढे कटुता येत नाही.

दारिद्र्यरेषेखालच्या घरातला 18 ते 59 वयाचा कमावता माणूस गेला, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी 20,000 रुपये मिळतात. अर्ज राजापूरच्या तहसील कार्यालयात करायचा. बँक खात्यातून वर्षाला 436 रुपये जात असतील तर ते जीवन ज्योती विम्याचे, रक्कम दोन लाख. 20 रुपये जात असतील तर अपघात विम्याचे, तेही दोन लाख. कित्येक घरांत पासबुकावरच्या या ओळींकडे कुणी पाहिलेलंच नसतं. दावा शक्यतो 30 दिवसांत करावा. मत्स्यव्यवसाय विभागाकडे अपघात विम्यासाठी नोंद झालेल्या मच्छीमाराच्या अपघाती मृत्यूनंतर पाच लाख मिळतात आणि त्याचा हप्ता सरकार भरतं.

गैरसमज: नॉमिनी म्हणजे मालक, आणि बँकेचं काम होईपर्यंत मृताच्या एटीएम कार्डानं पैसे काढले तरी हरकत नाही.

वस्तुस्थिती: खातेदार गेल्यावर त्याच्या कार्डानं पैसे काढणं चूक आहे आणि वारसांच्या भांडणाची सुरुवात बहुधा तिथूनच होते. नॉमिनी नोंदलेला असेल तर कागदपत्रं मिळाल्यापासून 15 दिवसांत बँकेनं पैसे द्यायचे असतात. पण नॉमिनी ते वारसांच्या वतीनं घेतो. शेअर आणि म्युच्युअल फंडाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2023 मध्ये हेच पुन्हा स्पष्ट केलं.

मे महिन्यात मुंबईची माणसं नाट्यात आलेली असतात. तेव्हा घरातल्या म्हाताऱ्यांशी याविषयी बोलायला संकोच वाटतो, पण पुष्कळदा तेच मोकळेपणानं सांगतात. अग्नी कुणी द्यायचा, नेत्रदान करायचं का, पंगत किती जणांची, नॉमिनी कोण, विमा कुठला, एवढं एका पानावर मावतं. ते पान रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवावं. गडबडीत घरातलं कुणीही आधी तीच पिशवी काढतं.