दोष नेमका कुठल्या कडीत?

तत्त्वज्ञानाचा म्हातारा मास्तर आज गिटारच्या डिजिटल ॲम्प मॉडेलरवर बोलणार म्हटल्यावर काहींच्या भुवया वर गेल्या असतील. याला कारण आमचा नातू. मागच्या गणपतीत इथेच, किनवटला, तो एका मंडपात वाजवायला बसला. घरी हेडफोनवर छान वाजणारी गिटार तिथल्या भाड्याच्या गिटार ॲम्पमधून कोंदट, गढूळ वाजू लागली. वर सतत घूंऽऽ असा आवाज. पोरगं रडकुंडीला आलं. आधी म्हणालं, "यंत्र बाद आहे." मग म्हणालं, "मलाच वाजवता येत नाही." आम्ही म्हणालो, थांब बाबा. आधी निदान, मग निकाल.

मॉडेलर म्हणजे काय, ते आपल्या तंबोऱ्यावरून समजून घेऊ. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या तंबोऱ्याचा आवाज नुसत्या तारेचा नसतो. तार, घोडी, तिची जवारी, तारेखालचा दोरा, भोपळा, सगळं मिळून तो घडतो. इलेक्ट्रिक गिटारचंही तसंच. पिकअप, ॲम्प्लिफायर, बहुधा बारा इंची स्पीकरचं कॅबिनेट आणि त्यापुढचा माइक, ही सगळी साखळी म्हणजे रेकॉर्डवर ऐकू येणारा 'गिटारचा आवाज'. मॉडेलर यातल्या पिकअपनंतरच्या कड्या गणिताने उभ्या करतो. लाइन सिक्सचा लाल, राजम्याच्या दाण्यासारखा दिसणारा पॉड १९९८ साली आला. २०११ मध्ये आलेला केम्पर तर खऱ्या ॲम्पचाच नमुना उतरवून घेतो.

आता नातवाची पहिली अडचण. मॉडेलरमध्ये ॲम्प आणि कॅबिनेट आधीच आहेत. ते त्याने खऱ्या ॲम्पच्या पुढच्या इनपुटला जोडले. म्हणजे ॲम्पवर ॲम्प, कॅबिनेटवर कॅबिनेट! फोडणी दिलेल्या वरणाला पुन्हा फोडणी. उपाय सोपा: खरा गिटार ॲम्प असेल तर मॉडेलरमधलं कॅबिनेट बंद करा आणि वायर ॲम्पच्या मागच्या 'इफेक्ट्स रिटर्न'मध्ये लावा. मात्र हेडफोन किंवा मंडपाचे मोठे स्पीकर असतील तर कॅबिनेट चालूच ठेवा. गिटारचा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचा आवाज फारसा देत नाही. ती चाळणी काढली की आवाज पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा कर्कश होतो.

दुसरी अडचण घूंकाराची. इथे आमचं न्यायशास्त्र कामाला आलं. एक असताना दुसरं असतं, हा अन्वय. ते नसताना दुसरंही नसतं, हा व्यतिरेक. दोन्ही जुळले तर कारणाचा माग लागला असं समजा. गिटारचा आवाज शून्य केला, तरी घूं राहिलं. म्हणजे संशय पिकअपवरून हटला. मॉडेलर यूएसबीने लॅपटॉपला जोडलेला होता. लॅपटॉपचा चार्जर काढला, घूं गेलं. लावला, परत आलं. दोन उपकरणांना दोन वाटांनी अर्थिंग मिळालं की मधल्या वायरीतून वीज फिरते आणि ५० हर्ट्झची गुणगुण ऐकू येते. नातवाने लॅपटॉप बॅटरीवर चालवला, प्रश्न मिटला. नियम एकच: एका वेळी एकच गोष्ट बदला. चार बटणं एकदम फिरवलीत तर आवाज सुधारेलही, पण कशाने सुधारला ते कळणार नाही.

तेवढ्यात एक गृहस्थ म्हणाले, "प्लगची अर्थिंगची पिन काढा, घूं जातंय." मंडळी, हे कृपा करून कधीही करू नका. गिटारवाल्याचा हात तारांवर असतो आणि ओठ माइकला लागतात. १९७२ साली वेल्समधल्या स्वान्सीत लेस हार्वे हा गिटारवादक कार्यक्रमातच अर्थिंग नसलेल्या माइकला हात लावून मरण पावला. घूं घालवायचंच असेल तर डीआय बॉक्सवरचं 'ग्राउंड लिफ्ट' बटण वापरा. ते सिग्नलच्या वायरीचं ग्राउंड तोडतं, प्लगचं अर्थिंग शाबूत राहतं.

आणखी तीन तक्रारी नेहमी ऐकू येतात. आवाज उशिरा येतो? संगणकावर वाजवताना 'बफर' पाहा. ४८ हजारांच्या सॅम्पल रेटला ६४ चा बफर म्हणजे सव्वा मिलिसेकंदाच्या आसपास. १०२४ चा म्हणजे एकवीस, जणू ॲम्प सात मीटर लांब ठेवलाय. ब्लूटूथ हेडफोन त्याहून उशीर करतात, वायरचे घ्या. आवाज मलूल येतो? गिटार माइकच्या किंवा लाइनच्या इनपुटला लावली असेल. तिला 'इन्स्ट्रुमेंट' इनपुट लागतो, साधारण एक मेगाओहमचा. घरी भरदार आणि मंडपात बदबद? दोष कानाच्या स्वभावात आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवलं, की हळू आवाजात खर्ज आपल्याला कमी ऐकू येतो. म्हणून घरी आपण तो वाढवून ठेवतो आणि मंडपात तोच अंगावर येतो. तेव्हा आवाज जिथे वाजवायचा तिथेच, तेवढ्याच जोरात लावून घ्या.

नातवाची गिटार त्या रात्री आरतीनंतर नीट वाजली. आम्हाला गिटारमधलं फार कळत नाही. पण "मलाच येत नाही" हे वाक्य पुन्हा त्याच्या तोंडून आलं नाही, एवढं आम्ही ऐकलं. आता तुमचे प्रश्न घेऊ. ज्यांनी मॉडेलर आणलाय त्यांनी आधी वायरी काढून ठेवा, मग एकेक जोडत जाऊ.